मुलांसोबतच्या रोजच्या वेळात मजा कशी आणायची

सहलीचं आणि वाढदिवसाचं नियोजन बहुतेक घरांत नीट होतं. बाकीच्या दिवसांचं कोणी करत नाही. मुलांबरोबरचा खरा वेळ मात्र बूट घालण्यात, अंघोळीत, जिन्यात, कपड्यांच्या घड्यांत आणि झोपवण्यात जातो. या वेळात मजा येत नाही, कारण ही सगळी कामं मोठ्यांच्या वेगाने आखलेली असतात. मूल त्या वेगात बसत नाही. मग घाई होते, घाईतून ओरडा होतो, आणि दिवसाच्या शेवटी दोघंही दमलेले. म्हणून सुरुवात नव्या खेळण्यापासून करू नका, घड्याळापासून करा.

आधी वेळ सैल करा

रोजची तीन कामं निवडा: बाहेर पडण्याची तयारी, अंघोळ आणि झोपायची तयारी. मूल आपल्या गतीने प्रत्येक काम किती वेळात करतं ते तीन दिवस बघा आणि लिहून ठेवा. मध्ये मदत करू नका, ‘चल, चल’ म्हणू नका. आपण ज्याला दोन मिनिटांचं काम म्हणतो, त्याला तीन-चार वर्षांच्या मुलाची आठ-दहा मिनिटं सहज जातात. बोटांना वळण लावायचं, आधी काय आणि नंतर काय हे लक्षात ठेवायचं, आणि मध्येच दिसलेल्या कोळ्यावरून लक्ष परत बुटाच्या पट्ट्यावर आणायचं, असं सगळं त्याला एका वेळी जमवावं लागतं. यातलं शेवटचं सर्वांत अवघड. ते टंगळमंगळ करतंय असं आपल्याला वाटतं, पण त्याचं लक्ष मुळात एका जागी धरून ठेवण्याइतकं पिकलेलंच नसतं.

आता मुलाला खरोखर लागतो तेवढा वेळ अधिक दहा मिनिटं, असा हिशोब धरा. ही दहा मिनिटं सगळ्या कामांत थोडी थोडी वाटू नका, वाटली की ती नाहीशी होतात. एकाच कामाला द्या. कोणत्या, ते मुलावरून ठरवा. काही मुलं सकाळी उठल्यापासून गप्पिष्ट असतात, काहींना जागं व्हायलाच अर्धा तास लागतो. भुकेची आणि झोपेची वेळ मात्र टाळा. भुकेल्या मुलासोबत कोणतीच युक्ती चालत नाही.

वेळ काढायचा कुठून? बहुतेक घरांत तो रात्रीच्या तयारीतून निघतो. कपडे काढून ठेवलेले, पिशवी दाराशी, बूट जोडीने लावलेले. सकाळी कपाट उघडून ‘काय घालायचं?’ विचारण्यापेक्षा दोनच सदरे समोर धरून ‘यातला कोणता?’ विचारलं तर काम झटकन होतं, आणि निवडल्याचं समाधानही मुलाला मिळतं. एवढं करूनही वेळ निघत नसेल तर आठवड्यातला एखादा शिकवणीचा किंवा छंदवर्गाचा तास कमी करायला हरकत नाही. आमच्या मते लहान वयात त्या तासाने होतं त्यापेक्षा या सैल वेळाने जास्त भलं होतं.

मूल काय दाखवतंय ते बघा

मूल दिवसभर आपल्याकडे काहीतरी पाठवत असतं. बोट दाखवतं, ‘बघ ना’ म्हणतं, नुसतंच एखाद्या गोष्टीकडे बघत उभं राहतं. त्याला आपण उत्तर दिलं, त्यावर त्याने पुन्हा काही केलं, की एक फेरी पूर्ण झाली. हार्वर्ड विद्यापीठाचं बालविकास केंद्र या फेऱ्यांना मेंदूच्या जडणघडणीतली पायाभूत गोष्ट मानतं. मोठ्या माणसाची मजाही या फेऱ्यांतच असते, फक्त आपण मध्येच सुटून जातो. क्रम असा ठेवा:

1. आधी मुलाची नजर कुठे आहे ते बघा. तोंडातून शब्द काढायची घाई नको.
2. त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर या. उकिडवे बसा, जमत नसेल तर पायरीवर बसा. उभ्याने वाकून बोललं की मूल मान वर करतं आणि बघत असलेली गोष्ट त्याच्या नजरेतून सुटते.
3. दिसतंय ते एका छोट्या वाक्यात म्हणा: ‘पाणी पाइपमधून थेंबथेंब पडतंय.’
4. मग गप्प बसा आणि मनात पाचपर्यंत मोजा.
5. मुलाने काही म्हटलं किंवा केलं, तर त्याचाच धागा पुढे न्या. त्याने पाठ फिरवली तर सोडून द्या. फेरी संपली.

गाडी अडते ती चौथ्या पायरीवर. अमेरिकन संशोधक मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकात वर्गातल्या शिक्षकांचं निरीक्षण केलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबत आणि पुढचं बोलू लागत. ते तीन सेकंद किंवा जास्त थांबायला लागले तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलू लागली. ही तर शाळेत जाणारी मुलं होती. दोन-अडीच वर्षांच्या मुलाला ऐकलेलं समजून घेऊन शब्द जुळवायला याहून जास्त वेळ लागतो. पाच आकडे मोजताना ती शांतता फार लांब वाटेल. वाटू द्या.

दुसरी चूक म्हणजे परीक्षा घेणं. मूल फुलपाखराकडे बघत असतं आणि आपण विचारतो, ‘याचा रंग कोणता? इंग्रजीत काय म्हणतात?’ उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे हे मुलाला कळतं. बघणं थांबतं आणि उत्तर बरोबर येतंय की नाही याची काळजी सुरू होते. त्याऐवजी खरोखर पडलेला प्रश्न विचारा: ‘हे इथेच का परत परत येतंय?’ त्याचं उत्तर तुम्हालाही माहीत नसतं, त्यामुळे दोघं एका बाजूला येता.

पाच मिनिटं मुलाच्या हुकुमतीची

दोन ते सात वर्षांच्या मुलांसाठी एक पद्धत चांगली पारखलेली आहे. शीला आयबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी 1970 च्या दशकात पालक आणि मुलांसाठी एक उपचारपद्धती बांधली. त्यात पालकांना रोज घरी पाच मिनिटांचा खेळ करायला सांगतात. ती मुळात वागणुकीच्या अडचणी असलेल्या मुलांसाठी होती, पण हा पाच मिनिटांचा भाग कोणत्याही घरात चालतो.

या पाच मिनिटांत तीन गोष्टी बंद ठेवायच्या: आज्ञा, प्रश्न आणि टीका. यातले प्रश्न थांबवणं सर्वांत जड जातं. ‘हे काय बनवतोयस?’ हा प्रश्न साधा वाटतो, पण त्यामुळे सूत्रं मुलाकडून आपल्याकडे येतात. प्रश्नाऐवजी जे चाललंय ते सांगत राहा: ‘लाल ठोकळ्यावर निळा ठेवलास.’ मूल बोललं तर त्याचं वाक्य थोडं वाढवून परत द्या. ते म्हणालं ‘गाडी पडली’, तुम्ही म्हणा ‘गाडी पुलावरून पडली.’ ते करतंय तसं तुमच्या ठोकळ्यांनी तुम्हीही करा. कौतुक नेमकं असू द्या. ‘छान’ म्हटल्याने काय छान ते कळत नाही. ‘पडू नये म्हणून हळू ठेवलास, ते मला आवडलं’ यातून कळतं. आणि मजा येत असेल तर ती चेहऱ्यावर दिसू द्या.

सामान साधंच हवं: ठोकळे, मातीचा किंवा पिठाचा गोळा, खडू आणि कागद, छोट्या गाड्या, बाहुल्या. नियमांचे पट आणि पत्ते या पाच मिनिटांत नकोत, कारण नियम आले की ‘असं नाही, तसं’ आलंच. चेंडू, काठ्या, खोट्या तलवारी नकोत, त्या हातघाईवर जातात आणि तुम्हाला थांबवावं लागतं. सांडणारे रंगही नकोत, कारण तुमचा एक डोळा फरशीवर राहतो.

मूल मध्येच किरकिर करू लागलं किंवा आवाज चढवू लागलं, तर काही न बोलता तुमच्या ठोकळ्यांकडे वळा. ते शांतपणे खेळायला लागताच पुन्हा त्याच्याकडे वळा आणि बोला. मारणं, चावणं, वस्तू फेकून मारणं झालं तर खेळ तिथेच संपवा. आणि दिवसभरात काही चुकलं म्हणून शिक्षा म्हणून ही पाच मिनिटं कधी काढून घेऊ नका. वाईट दिवशीच त्यांची जास्त गरज असते.

पाचाची पंधरा करू नका. पाच मिनिटं अशी आहेत की ती अंगात ताप असतानाही जमतात, आणि रोज होणं महत्त्वाचं. पहिल्या आठवड्यात अवघडल्यासारखं होतं, आपण रेडिओवरचं समालोचन करतोय असं वाटतं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सरावतं.

घरकामात भागीदार

मदत करायची हौस दोन ते पाच या वयात भरपूर असते, आणि ‘तू सर, मी करते, तुला नाही जमायचं’ हे पुन्हा पुन्हा ऐकून ती आटते. मुलाने केलेल्या मदतीने आपलं काम वाढतं हे खरंच आहे. म्हणून रोज सगळ्या कामांत नको. एकच काम ठरवा आणि त्यातला नेमका तुकडा मुलाला द्या.

कपडे वाळत घालणं याला फार सोयीचं. दोन वर्षांचं मूल बादलीतून एकेक ओला कपडा उचलून देऊ शकतं. तीन-साडेतीनला चिमटे देता येतात, पण स्प्रिंग सैल असलेले वेगळे काढून ठेवा. नवा कडक चिमटा त्याच्या बोटांना दाबता येत नाही, आणि चिडचिड कामामुळे नाही, त्या चिमट्यामुळे होते. त्याच्या खांद्याच्या उंचीवर एक दोरी बांधा, त्यावर रुमाल आणि मोजे. वाळलेल्या मोज्यांच्या जोड्या लावणं चार वर्षांच्या मुलाला उत्तम जमतं. सुरुवातीला तीनच जोड्या द्या, आणि त्याही एकमेकींपासून अगदी वेगळ्या. काळ्या मोज्यांचा ढीग मोठ्यांनाही छळतो.

एक गोष्ट कटाक्षाने पाळा: मुलाने घातलेली घडी त्याच्यासमोर मोडून पुन्हा घालू नका. वाकडी राहिली तर राहू द्या. अगदीच नको असेल तर मूल झोपल्यावर नीट करा. समोर मोडलेल्या एका घडीतून त्याला जे कळतं, ते दहा शाबासक्यांनी पुसलं जात नाही.

अंघोळीबद्दल थोडक्यात. पाण्याचा मग, चाळणी, नरसाळं आणि स्पंज पुरे. चाळणीतून गळणारं पाणी आणि नरसाळ्यातून उतरणारं पाणी यांतला फरक मूल आठवडाभर तपासू शकतं. सोय हवी म्हणून क्षणभरही मुलाला पाण्यात एकटं सोडू नका. लहान मूल काही सेंटिमीटर पाण्यातही आवाज न करता बुडू शकतं. अंघोळ झाली की बादली आणि टब तिथल्या तिथे रिकामे करा.

कुठेही न पोचणारी चाल

लहान मुलाबरोबर चालताना मोठ्यांना पोचायचं असतं आणि मुलाला चालायचं असतं. आठवड्यातून दोनदा, वीस मिनिटं, असं चाला की पुढे मूल आणि मागे तुम्ही. वळायचं कुठे, थांबायचं कुठे, हे मूल ठरवणार. तुम्ही फक्त रस्ता, वाहनं, कुत्रं आणि काच बघायची. वीस मिनिटांत पन्नास मीटरही झाले नाहीत तरी चाल फसली असं समजू नका.

हातात काही घेऊन निघायचंच असेल तर चिमूटभर साखर घ्या. मुंग्यांची रांग दिसली की तिच्यापासून वीतभर अंतरावर सात-आठ दाणे ठेवा आणि बसा. एखादी भटकी मुंगी दाण्यापाशी पोचते, घोटाळते, मग परत रांगेकडे जाते. जाताना अनेक जातींच्या मुंग्या पोट जमिनीला टेकवत वासाची खूण सोडतात. त्या वासावर दुसऱ्या येतात, त्याही खूण पक्की करतात, आणि दहा-पंधरा मिनिटांत नवी रांग लागते. मग ओल्या बोटाने त्या रांगेवरून एकच आडवी रेघ मारा. मुंग्या तिथे येऊन थबकतात, इकडेतिकडे फिरतात, शेवटी एखादी पलीकडे जाते आणि रांग पुन्हा सांधली जाते. मूल ‘त्या का थांबल्या?’ विचारेल, तेव्हा लगेच सांगू नका. त्याचा अंदाज आधी ऐका. पहिल्यांदा काही झालं नाही तर दोन कारणं असतात: दाणे रांगेपासून फार लांब ठेवले, किंवा जमीन फार तापलेली होती. सकाळी लवकर किंवा उन्हं उतरल्यावर करा. चावऱ्या लाल मुंग्यांपासून लांब बसा.

संध्याकाळच्या चालीला चंद्र चांगला सोबती. तो रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो. पौर्णिमेपासून ओळीने तीन-चार दिवस एकाच जागी उभं राहून ‘आला का?’ बघितलं तर हा उशीर पाच-सहा वर्षांच्या मुलाला आपसूक कळतो. वद्य अष्टमीच्या आसपास तोच चंद्र सकाळी शाळेच्या वाटेवर दिसतो, आणि दिवसा चंद्र बघून मुलं हरखतात. कित्येक मोठ्या माणसांनीही तो कधी नीट बघितलेला नसतो.

साबणाचे फुगे, नीट जमणारे

बाजारचं द्रावण बरेचदा पातळ निघतं आणि फुगे हातभर अंतरात फुटतात. घरी करायचं तर 300 मिली पाणी, 50 मिली भांड्यांचा लिक्विड साबण आणि दोन मोठे चमचे ग्लिसरीन. पाण्यात आधी ग्लिसरीन ढवळा, साबण शेवटी आणि अगदी हळू. फेस झाला तर तो चमच्याने काढून टाका. फेसात बुडवलेल्या कडीला सलग पापुद्रा धरत नाही. झाकून रात्रभर ठेवा. ग्लिसरीनचं काम पापुद्र्यातलं पाणी लवकर उडू न देण्याचं. म्हणूनच कोरड्या, वाऱ्याच्या दुपारी फुगे फुटतात आणि पाऊस पडून गेल्यावरच्या दमट हवेत टिकतात. पाणी फार क्षारांचं असेल तरी द्रावण बिघडतं, तेव्हा उकळून गार केलेलं किंवा गाळणीयंत्राचं पाणी वापरून बघा.

कडी तारेची वळवा, चार-पाच सेंटिमीटर व्यासाची, आणि तिला दोरा गुंडाळा. दोऱ्यात द्रावण मुरतं आणि एका बुडवणीत जास्त फुगे निघतात. तारेचं टोक दुमडून टाका. चार वर्षांखालच्या मुलाला नळी देऊ नका, कारण फुंकण्याऐवजी ते ओढतं आणि साबण तोंडात जातो. मुलं जोरात फुंकतात म्हणून पापुद्रा फाटतो. ‘सूप गार करताना फुंकतोस तसं’ म्हटलं की समजतं.

एक फुगा कडीवरच धरून ठेवा, सोडू नका. फुग्याचा पापुद्रा ओलसर असताना त्यावर हिरवे-गुलाबी पट्टे फिरतात. पाणी खाली ओघळतं, वरचा भाग पातळ होत जातो, पट्टे खाली सरकतात, आणि अगदी वर रंग नसलेला, काळसर दिसणारा एक ठिपका येतो. तिथे पापुद्रा इतका पातळ झालेला असतो की त्यावरून परतणारा प्रकाश एकमेकाला पुसून टाकतो. त्यानंतर फुगा फार टिकत नाही. हे एकदा दाखवलं की ‘आता फुटणार!’ हे आधी कोण ओळखतं असा खेळ सुरू होतो. ओलं बोट फुग्यात घालूनही तो फुटत नाही, कोरडं लागताच फुटतो. हे मात्र मुलाला स्वतःच शोधू द्या. फरशीवर खेळलात तर ती निसरडी होते, तेव्हा मातीत किंवा गवतावर खेळा.

तेच ते, पुन्हा पुन्हा

लपाछपी एकाच पडद्यामागे, गोष्ट एकच, प्रश्न एकच. मोठ्यांचा कंटाळा इथे खरा असतो, आणि तो लपवून खोटं हसू आणलं तर मुलाला ते ओळखू येतं. मूल मागे लागतं कारण पुढे काय होणार हे त्याला आता माहीत झालंय, आणि माहीत असलेलं खरं होताना बघणं ही त्याची मजा. गोष्टीतलं ते आवडतं पान येण्याआधी पुस्तकाकडे बघू नका, मुलाच्या चेहऱ्याकडे बघा. श्वास रोखलेला असतो, ओठ पुढचे शब्द जुळवत असतात. पान उलटायला एक क्षण जास्त घ्या. किंवा वाक्य अर्धं सोडा आणि शेवटचा शब्द त्याला म्हणू द्या.

तरीही कंटाळा आलाच तर सरळ सांगा: ‘अजून दोनदा, मग मी पाणी प्यायला जाणार.’ आणि खरोखर दोनदाच. पालकाने दिवसभर मुलाचा खेळगडी असावं अशी काही अपेक्षा नाही. तुम्हाला मनापासून आवडणारी एखादी गोष्ट असेल, झाडं लावणं, सायकल दुरुस्ती, गाणं म्हणणं, तर मुलाला तिच्यात ओढा. तिथे तुमचं लक्ष आपोआप टिकतं.

फोन

1970 च्या दशकात एडवर्ड ट्रॉनिक यांनी एक प्रयोग केला. आई बाळाशी नेहमीसारखी खेळते, मग एक-दोन मिनिटं चेहरा अगदी निर्विकार ठेवून नुसती बघते. बाळ हसतं, हात पुढे करतं, आवाज काढतं, आणि उत्तर येत नाही म्हटल्यावर तोंड फिरवतं, रडतं. फोनकडे बघणारा चेहराही बराचसा असाच असतो, आणि तसा तो दिवसात कितीदा होतो याचा आपल्याला पत्ता नसतो.

फोन टाकून द्या असं सांगून उपयोग नाही. तो कुठे ठेवायचा ते ठरवा. सैल ठेवलेल्या दहा मिनिटांत आणि त्या पाच मिनिटांच्या खेळात तो दुसऱ्या खोलीत असावा. खिशात ठेवलेला आणि आवाज बंद केलेला चालत नाही, हात तिकडे जातोच. फोन घ्यावाच लागला तर मोठ्याने सांगा: ‘मी आजीला निरोप पाठवतेय, दोन मिनिटं.’ मुलाला कारण आणि शेवट दोन्ही कळतात.

फोटोंबाबत एक सोपा नियम: सुरुवातीला एक काढा, मग फोन आत. लिंडा हेंकेल यांच्या 2014 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, संग्रहालयातल्या ज्या वस्तूंचे लोकांनी पूर्ण फोटो काढले त्यांच्याबद्दल त्यांना नुसत्या बघितलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवलं. वस्तूच्या एखाद्या भागावर जवळून नेम धरलेल्यांच्या बाबतीत तसं झालं नाही. तेव्हा काढायचाच तर साबणाने भरलेल्या हाताचा काढा, ‘इकडे बघ, हस’ वाला नको. त्या हाकेने खेळ मोडतो.

रात्रीची उजळणी

दिवे मालवण्याआधी तीन-चार मिनिटं आजच्या एकाच गोष्टीबद्दल बोला. रॉबिन फिवश आणि इलेन रीस यांनी पालक मुलांशी जुन्या गोष्टी कशा बोलतात याचा बरीच वर्षं अभ्यास केला. तपशील भरत, खुले प्रश्न विचारत बोलणाऱ्या पालकांच्या मुलांना आपल्या आठवणी जास्त भरभरून सांगता येतात, असं त्यात दिसलं.

‘आज मजा आली ना?’ ‘हो.’ इथे संभाषण संपलं. त्याऐवजी: ‘मुंगी दाण्यापाशी आली तेव्हा तिने काय केलं?’ मूल म्हणेल, ‘पळाली.’ तुम्ही: ‘हो, गोल गोल फिरली आणि पळाली. तू तेव्हा श्वास रोखून बसला होतास. मग कोण आलं?’ मुलाला आठवत नसेल तर तोच प्रश्न पुन्हा विचारून कोंडीत पकडू नका. एक तपशील तुम्ही द्या आणि बघा. दुःखाच्या गोष्टीही घ्या: ‘फुगे संपले तेव्हा तू रडलास. का रे वाईट वाटलं?’ यावर उपदेश जोडू नका, नाहीतर उद्यापासून मूल सांगणार नाही.

न जमणारे दिवस

ताप, परीक्षा, कामाचा ताण, भांडण. अशा दिवशी एकच गोष्ट ठेवा, ती पाच मिनिटं किंवा रात्रीची उजळणी, बाकी सोडा. ट्रॉनिक यांच्याच निरीक्षणांत, छान जमणाऱ्या आई-बाळांचीही लय साधारण एक तृतीयांश वेळच जुळलेली असते. उरलेला वेळ चुकामूक आणि पुन्हा जुळणं यात जातो. ओरडलात तर दोघंही शांत झाल्यावर दोन वाक्यं पुरतात: ‘मी मोठ्याने ओरडलो, तू घाबरलास. ते चुकलं माझं.’ तिसरं वाक्य ‘पण तू पण...’ असं सुरू होतं, ते गिळा.

दोन मुलं असतील तर पाच मिनिटं प्रत्येकाची वेगळी. दुसऱ्याला त्या वेळात काय करायचं ते आधी ठरवून द्या आणि त्याची पाळी कधी येणार ते घड्याळात दाखवा. धाकटं दोन-अडीच वर्षांचं असेल तर ‘दोघं मिळून खेळा’ हा आग्रह सोडा. संशोधक मिल्ड्रेड पार्टन यांनी 1932 सालीच नोंदवलंय की या वयात मुलं शेजारी शेजारी बसून आपापला खेळ खेळतात. तोही सोबतीचाच प्रकार आहे.

आठ-नऊच्या पुढे समोरासमोर बसून ‘आज काय झालं?’ विचारलं की ‘काही नाही’ येतं. हात कामात आणि नजर दुसरीकडे असली की मुलं बोलतात: भांडी पुसताना, गाडीतून जाताना, कुत्र्याला फिरवताना. तेव्हा प्रश्न कमी करा आणि शांतता लांबू द्या. तेरा वर्षांचं मूल स्वतःहून फोन पुढे करून ‘हे बघ’ म्हणालं, तर तो व्हिडिओ शेवटपर्यंत बघा, मध्ये काही बोलू नका, आणि संपल्यावर ‘यातला तो मागे उभा असलेला काय करत होता?’ असं काहीतरी खरंच बघितल्याचं विचारा. दिवसाला किती वेळ फोन बघायचा हा विषय त्याच बैठकीत काढू नका. तो दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या खोलीत काढा.